उघड्या पाठीचा घोडा

दिवाळी सरली की घाटावरचे धनगर मेंढरे घेऊन कोकणात उतरतात. मुरबाड तालुक्यात भात कापून रिकाम्या झालेल्या खाचरांत त्यांचे वाडे पडतात. रात्री मेंढ्या शेतात बसवायच्या, लेंडीखत शेतकऱ्याला, बदल्यात धान्य किंवा पैसे धनगराला, असा हा जुना व्यवहार. वैशाखऱ्याच्या अलीकडे रस्त्यालगत असा एक वाडा मी काही वर्षे पाहतो आहे. लोक मेंढ्या बघतात, माझे लक्ष तट्टांकडे जाते. सगळा संसार त्यांच्याच पाठीवर असतो. भांडी, वाघर, अंथरुणे, कोंबड्या, चालता न येणारी कोकरे आणि कधी कधी झोपलेले तान्हे मूलही.

गेल्या हंगामात त्या वाड्यात एक नवे तट्टू होते. अंगाने भरलेले, पण अजून ओझ्याला न लावलेले. दहा-बारा वर्षांचा एक पोरगा त्याच्या उघड्या पाठीवर बसला होता. खोगीर नाही, रिकीब नाही, तोंडात लोखंड नाही, फक्त दोरीची मोरकी. एक म्हातारा माणूस पुढे दोर धरून चालत होता. मी थांबून विचारले, तेव्हा बाबांनी सांगितले की नव्या जनावरावर पहिल्यांदा ओझे टाकत नाहीत, आधी पोर बसवतात. ओझ्याला घोड्याचे मन कळत नाही, पोराला कळते. अशा बसण्याला तुमच्यात काय म्हणतात, असे विचारल्यावर त्यांनी माझ्याकडे जरा नवलाने पाहिले. बसणे ते बसणे, त्याला वेगळे नाव कशाला?

मला मात्र नावांचीच सवय. मी उर्दूही शिकवतो आणि मराठीही. उर्दूच्या तासाला फळ्यावर लिहिलेला शब्द पुढच्या तासाला दुसऱ्या लिपीत मराठीच्या फळ्यावर लिहावा लागतो, हे माझ्या रोजच्या कामातले सुख आहे. घोड्याच्या बाबतीत तर याची गंमत फारच. लगाम फारसी. जीन फारसी. घोड्याच्या पोटाखालून आवळायचा पट्टा, तंग, तोही फारसी. शेपटीखालून जाणारी दुमची फारसी, कारण ‘दुम’ म्हणजे शेपूट. रिकीब अरबी ‘रिकाब’वरून आलेली. नाल अरबी, मूळ अर्थ वहाण. दाणा खाऊ घालायचा तोबरा, घोडे बांधायची पागा, घोड्याची निगा राखणारा साईस, सगळे त्याच वाटेने आलेले. आणि खोगीर? मूळ फारसीत ‘खूय’ म्हणजे घाम, ‘गीर’ म्हणजे धरणारा. घाम टिपून घेणारी गादी ती खोगीर. तिच्यात कापूस, गवत, चिंध्या, हाताला येईल ते कोंबत असत, म्हणून मराठीत खोगीरभरती हा शब्द आला. आज साहित्यसंमेलनाच्या वृत्तांतात जो शब्द सहज वापरतात, तो एखाद्या पागेतल्या गवताच्या ढिगाऱ्याजवळ जन्मला आहे.

आता दुसरी बाजू पाहा. घोडा, पाठ, खूर, टाप, टाच हे शब्द आपले, देशी. मांडीच्या पकडीने घोड्यावर घट्ट बसण्याला मराठीत ‘मांड’ म्हणतात. पक्की मांड, मांड ठोकणे हेही देशी. म्हणजे जनावर आणि त्याच्यावर बसणारे शरीर यांचे शब्द देशी, आणि त्या दोघांच्या मध्ये जे कातडे, लोखंड, कापड आले त्याचे शब्द बाहेरचे. हा नियम पक्का नाही. पलाण हा खोगिरासाठीचा जुना शब्द मराठीत होताच, संस्कृतात वल्गा होती, आणि सांचीच्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या शिल्पांत स्वाराच्या पायाचा अंगठा अडकवण्यापुरता फास दिसतो. अनवाणी चालणाऱ्यांच्या देशात रिकिबीची सुरुवात अंगठ्यापासून व्हावी हे मला फार पटते. तरीही जुने देशी शब्द मागे पडले आणि नवे टिकले, एवढे खरे. भाषेत शब्द टिकतो तो वस्तू बनवणाऱ्या आणि वापरणाऱ्या हातांबरोबर. ते हात कोणाचे होते, हे मला या लेखात शोधायचे आहे. त्यातही खोगीर चढण्याआधी जे हात आणि ज्या मांड्या त्या घोड्याच्या पाठीवर होत्या, त्या कोणाच्या?

आपल्याकडे एक समज असा की अरब म्हणजे घोडा आणि घोडा म्हणजे सगळा सरंजाम. मुसलमान घरांतही तो आहे. इतिहास जरा वेगळा आहे. सुरुवातीच्या अरबांना उघड्या पाठीवरची स्वारी परकी नव्हती. सहीह बुखारीत एक प्रसंग आहे. एका रात्री मदिनेत कसला तरी आवाज झाला, लोक घाबरून त्या दिशेने निघाले. तोवर प्रेषित मुहम्मद (स.) एकटेच पुढे जाऊन, पाहून परतही येत होते. गळ्यात तलवार आणि बसायला अबू तल्हा यांचा घोडा, ज्याच्यावर खोगीर नव्हते. घाबरण्यासारखे काही नाही, असे त्यांनी लोकांना सांगितले. हा घोडा मंद चालीचा म्हणून ओळखला जाई. परत आल्यावर प्रेषितांनी त्याच्या वेगाला समुद्राची उपमा दिली. हा प्रसंग मशिदीत शौर्याचे उदाहरण म्हणून सांगतात, आणि ते योग्यच आहे. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. घोडा दुसऱ्याचा, खोगीर घालायला वेळ नाही, रात्र अंधारी, आणि तरी स्वार घोड्याला नावे ठेवत नाही. उलट ज्याला सगळे मंद म्हणत होते त्याचे कौतुक करतो.

पुढे हजरत उमर यांच्या खिलाफतीत (इ. स. ६३४ ते ६४४) अरब फौजा इराणच्या पलीकडे पोहोचल्या. तिथला ऐषारामी पोशाख आणि राहणी सैन्यात शिरू लागली, तेव्हा अझरबैजानातल्या फौजेला त्यांनी पत्र लिहिले. त्या पत्रातल्या सूचनांत एक अशी होती की रिकिबी टाका आणि घोड्यावर उडी मारून चढा. म्हणजे रिकीब तोवर आली होती, पण ती नव्या सुखसोयींत मोडत होती. पुढे नवव्या शतकात अल-जाहिज या लेखकाने एक वाद नोंदवला आहे. इराणी अभिमानी मंडळी अरबांना हिणवत की तुम्ही तर उघड्या पाठीवर घोडे हाकणारे, तुमच्याकडे रिकीबसुद्धा नव्हती. जाहिज बसऱ्याचा, जिभेने तिखट. त्याने उत्तर दिलेच. जुन्या अरबी ग्रंथांत असेही सांगितले आहे की अरबांच्या रिकिबी आधी लाकडाच्या असत, लढाईत त्या मोडत, आणि लोखंडी रिकीब प्रथम मुहल्लब या सेनापतीने करवून घेतली. मुहल्लब वारला ७०२ साली. आज आपल्याला रिकीब हा शब्द अरबी म्हणून अस्सल वाटतो, आणि ज्यांचा तो शब्द त्यांना कोणी तरी त्याच वस्तूवरून अडाणी म्हणत होते! लगाम तर अरबांनीही फारसीतूनच घेतला. कोणाच्याच घरात घोड्याचा सगळा सरंजाम स्वतःचा नव्हता.

हा सरंजाम आमच्या ठाण्याच्या किनाऱ्यावर कसा आला याची एक खूण मार्को पोलोच्या वृत्तान्तात आहे. तेराव्या शतकाच्या शेवटी त्याने ठाण्याच्या राज्याबद्दल जे लिहिले ते वाचून हसू येते आणि जरा लाजही वाटते. तो म्हणतो, इथल्या राजाचे समुद्रावरच्या चाच्यांशी संगनमत होते. चाच्यांनी जहाजे लुटायची, लुटीतले बाकी सगळे त्यांचे, घोडे मात्र राजाचे. कारण राजाकडे स्वतःचे घोडे नाहीत आणि समुद्रमार्गे हिंदुस्थानात घोडे तर पुष्कळ येतात. म्हणजे ठाण्याच्या पागेत उतरणारा घोडा कधी इराणी आखातातून निघालेला, बोटीच्या तळघरात महिना-दीड महिना हेलकावे खाल्लेला, वर चोरीचा. अशा घोड्यावर पहिल्यांदा कोण बसले असेल? राजा नक्कीच नाही.

हाच पोलो दक्षिणेच्या तमीळ किनाऱ्याबद्दल लिहितो की तिथे दरवर्षी हजारो घोडे येतात आणि वर्ष संपेपर्यंत बहुतेक मरतात, कारण त्यांची निगा जाणणारा कोणी नाही. आखातातले व्यापारी आपल्याबरोबर नालबंद आणि घोड्याचे वैद्य येऊ देत नाहीत. घोडे मेले तर नवे विकले जातील. मला हे वाचताना आजची कितीतरी यंत्रे आठवली, जी विकणारा सुटे भाग मात्र देत नाही. असो. यावरून एक कळते. घोडा विकत मिळे, चोरताही येई. घोडा जाणणारा माणूस मात्र विकत मिळत नसे, त्याला बोलावून, जमीन देऊन, वस्ती करवून ठेवावे लागे. दख्खनच्या बहमनी, निजामशाही, आदिलशाही राज्यांत जे हजारो लोक येऊन वसले त्यांत तलवारबहाद्दर होते, सूफी होते, कारकून होते, हे पुस्तकांत येते. त्यांच्या पाठोपाठ नालबंद, साईस आणि चाबुकस्वारही आले. काही बाहेरून आले, बरेचसे इथलेच होते आणि ते काम शिकून त्या नावाचे झाले.

चाबुकस्वार हा शब्द जरा थांबून पाहण्यासारखा आहे. आपल्याला वाटते, हातात चाबूक असलेला स्वार. फारसीत ‘चाबुक’ म्हणजे चपळ. चपळ स्वार तो चाबुकस्वार. मारायच्या दोरीला चाबूक म्हणणे नंतरचे. नव्या घोड्याला माणसाळवणे, चाल शिकवणे, त्याची परीक्षा करणे हे त्याचे काम. अबुल फज्लच्या ‘आईन-ए-अकबरी’त बादशाही पागेतल्या नोकरांची मोठी यादी आहे. तीत दारोगा, हिशेबनीस, साईस, नालबंद, जनावरांचा वैद्य, पाणी आणणारा, झाडणारा, इतकेच काय, घोड्यांना दृष्ट लागू नये म्हणून धुनी जाळणारासुद्धा आहे. चाबुकस्वार त्यात आहे, आणि घोड्यांना पहिली पावले शिकवणाऱ्या ‘हाडा’ नावाच्या राजपुतांचाही उल्लेख आहे. पहिली पावले शिकवायला राजपूत, पुढे चाबुकस्वार, नाल ठोकायला नालबंद. एका घोड्यामागे इतकी माणसे, आणि चित्रात दिसतो फक्त वर बसलेला.

मराठ्यांच्या घोडदळात हा खटाटोप आटोपशीर होता. कृष्णाजी अनंत सभासदाने १६९७ च्या सुमारास जिंजीत बखर लिहिली. तीत शिवछत्रपतींच्या पागेची रचना दिली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, आणि पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद. पखालजी पाणी देणार, नालबंद नाल ठोकणार. डोंगरी मुलुखात घोडा चालवायचा तर खडकावर खूर टिकला पाहिजे, आणि खूर टिकवणारा माणूस फौजेबरोबरच चालला पाहिजे. नालबंद या आडनावाची मुले माझ्या वर्गात बसली आहेत. त्यांना मी हा आकडा सांगतो. पंचवीसांत एक. मुलांना आकडे लक्षात राहतात.

आणि बारगीर? ‘बार’ म्हणजे ओझे, ‘गीर’ म्हणजे उचलणारा. फारसीत बारगीर म्हणजे मुळात ओझ्याचे जनावर, घोडा. तुर्कीत आजही साध्या घोड्याला ‘बेगीर’ म्हणतात, तो हाच शब्द. दख्खनमध्ये ज्या माणसाला सरकारी पागेतून घोडा मिळे त्याला घोड्याचेच नाव चिकटले. स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन येई तो शिलेदार, सरकारी घोड्यावर बसे तो बारगीर. शिलेदाराची ऐट मोठी, पण महाराजांनी भर दिला तो पागेवर, आणि शिलेदारांना पागेच्या हुकमतीत ठेवले. त्याआधी मलिक अंबरने (मृत्यू १६२६) दख्खनच्या हलक्या घोडदळाची बारगीगिरी मोगलांविरुद्ध वापरली. तो हबशी गुलाम म्हणून विकला गेलेला, पुढे निजामशाहीचा कर्ता झालेला. त्याच्या फौजेत मराठे होते, हबशी होते, दख्खनी मुसलमान होते. शंभर वर्षांनी, १७४० च्या दशकात, नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्या बंगालपर्यंत गेल्या आणि तिथल्या लोकांनी या स्वारांना ‘बर्गी’ म्हटले. बंगालमध्ये मुलांना झोपवताना अजून त्या नावाची भीती घालतात. एखादा शब्द एका प्रांतात मानाचे आडनाव होतो आणि दुसऱ्यात बागुलबुवा, हेही आपल्या मुलांना सांगावे असे मला वाटते. फक्त अर्धा भाग सांगून भागत नाही.

मला बारगिराविषयी ममता वाटण्याचे कारण दुसरे आहे. शिलेदाराचा घोडा त्याच्या दारात वाढलेला. शिंगरू असल्यापासून त्याच्या मुलांनी त्याला चारलेले. बारगिराचा घोडा कायम नवा. आज हा मिळाला, तो जखमी झाला की दुसरा, सरकारजमा झाला की तिसरा. ज्याची खोड माहीत नाही, कोणत्या बाजूने चावतो, कशाला बुजतो हे ठाऊक नाही, अशा घोड्यावर त्याला बसायचे होते. आणि घोडा दगावला तर हिशेब द्यायचा होता. चिपळूणजवळ पावसाळ्यात फौजेची छावणी होती तेव्हा महाराजांनी अंमलदारांना लिहिलेले पत्र बहुतेकांना रयतेच्या काडीलाही हात लावू नका म्हणून माहीत आहे. त्या पत्रात घोड्यांची काळजीही तितकीच आहे. दाणागवत आताच उधळले तर ऐन पावसाळ्यात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील, आणि ती तुम्हीच मारली असे होईल, अशा आशयाची ताकीद आहे. उंदराने दिव्याची जळती वात ओढून नेली तर गवताच्या गंजी पेटतील, इथवर विचार केला आहे. बारगीर आणि त्याचा परका घोडा यांचे नाते अशा बारीक हिशेबात सांभाळले जात होते.

आता प्रत्यक्ष शिकवण्याकडे येतो, कारण इतिहासाची पुस्तके तिथे गप्प असतात. नवा घोडा आधी लांब दोरीवर गोल फिरवतात. मधे माणूस, हातात दोर, भोवती घोडा. घोड्याची चाल सुटते, श्वास लागतो, माणसाचा आवाज ओळखीचा होतो. उर्दूत याला ‘कावा देना’ म्हणतात. मराठीतही कावा या शब्दाचा जुना अर्थ घोड्याला असे गोल फिरवणे हाच. मग त्याचा अर्थ झाला हूल, डाव. कावेबाज त्यातूनच आला. आणि ‘गनीम’ म्हणजे शत्रू. मोगलांच्या कागदांत मराठ्यांसाठी सर्रास येणारा शब्द. गनिमी कावा हा शब्द उच्चारताच आपली छाती फुगते. त्यातला गनीम अरबी, कावा पागेतला, आणि पराक्रम सह्याद्रीतला. समोरून न भिडता शत्रूला भोवताली गरगर फिरवून दमवायचे, जसे नव्या घोड्याला दमवतात. हे दोन कावे एकच, असे मला वाटते. भाषाशास्त्राच्या पंडितांनी माझे कान धरले तरी हरकत नाही.

कावा देऊन झाला की पाठीवर वजनाची सवय. इथे उघड्या पाठीचे काम येते. हलक्या अंगाचा, बहुधा पोरसवदा स्वार आधी पाठीवर आडवा पडतो, उतरतो, पुन्हा पडतो. मग बसतो. मधे खोगीर नसल्यामुळे त्याच्या मांड्यांना घोड्याचा प्रत्येक स्नायू कळतो. घोडा बुजणार असेल तर बुजण्याआधी पाठ ताठ होते, ती त्याला समजते. घोड्यालाही वरच्या माणसाची भीती लगेच कळते. पाय अडकवायला रिकीब नाही म्हणजे पडला तर सुटा पडतो, फरफटत जात नाही. हा एक फायदा. तोटाही आहे, आणि तो घोड्याचा आहे. चांगले खोगीर कण्याच्या दोन्ही बाजूंना वजन पसरते, कणा मोकळा ठेवते. उघड्या पाठीवर मोठ्या माणसाच्या बुडाची दोन हाडे थेट कण्याजवळच्या मांसात रुततात. थोडा वेळ, हलका स्वार, सपाट माती, इथवर ठीक. ऐंशी किलोचा गडी कोवळ्या घोड्यावर तासभर बसला तर पाठ सोलते, आणि सोललेल्या पाठीचा घोडा पुढे आयुष्यभर माणूस जवळ आला की दचकतो. म्हणून जुन्या पद्धतीत पोर बसवत. वैशाखऱ्याच्या बाबांनी एका वाक्यात सांगितले ते हेच.

शहापूरला हल्ली घोडा दिसतो तो लग्नसराईत. एकेकाळी मुंबई-आग्रा रस्ता याच गावावरून जाई आणि तळघाट चढायला घोडे, तट्टे, बैल यांच्याशिवाय गत्यंतर नव्हते. रेल्वे १८६१ साली कसाऱ्यापर्यंत आली, १८६५ साली घाट चढून इगतपुरीला पोचली, आणि या वाटेवरच्या जनावरांचे काम हळूहळू आटले. मुरबाडच्या बाजूला रेल्वे नव्हती म्हणून तट्टे जरा जास्त टिकली. नाणेघाटातून तर दोन हजार वर्षे ओझ्याची जनावरे चढत-उतरत होती. त्याच घाटातल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेच्या शिलालेखात यज्ञांच्या दक्षिणेत दिलेल्या घोड्यांची नोंद आहे, अश्वमेधाचीही आहे. आता म्हशाच्या पौषातल्या जत्रेत जा, बैलांचा बाजार डोळे दिपवील, घोडे शोधावे लागेल.

घोडी कमी झाली आणि त्यांची हौस वाढली. मोबाइलवर आमच्याच भागातली पोरे नव्या आणलेल्या घोड्यावर उघड्या पाठीने बसून भरधाव सोडतात, मागे रणवाद्यांचे संगीत. काही जण नाव देतात मावळा, काही जण गाझी. दोघेही तोंडातली दोरी हिसकत असतात आणि घोड्याचे डोळे पांढरे झालेले असतात. मावळ्याच्या घोड्याला दाण्याचा हिशेब होता. आणि अबू तल्हांच्या घोड्यावरून परतणाऱ्याने घोड्याची स्तुती केली होती, स्वतःची नव्हे. हे मी वर्गात बोललो तेव्हा मागच्या बाकावरून एकाने विचारले, ‘सर, मग बसायचंच नाही का?’ बसावे की. पण आधी दोरीवर फिरवायला शिकावे, ते कंटाळवाणे असते.

मागे एका लग्नात एका सद्‌गृहस्थाने मला विचारले की बारगीर हे आडनाव मुसलमानांत कसे, हे तर मराठ्यांचे. तसेच एका मुसलमान पालकांना वाटे की चाबुकस्वार आपल्यातच असतात, आणि दुसऱ्या समाजात ते आडनाव पाहून त्यांना अचंबा वाटला. दोघेही चांगले लोक, त्यांच्या प्रश्नात विष नव्हते. पण आपण आडनाव पाहून माणूस इथला की बाहेरचा हे ठरवायला किती लवकर शिकलो! ही आडनावे कामाची आहेत. पागेत जे काम मिळाले ते घराला चिकटले. एकाच पागेत पंचवीस घोड्यांना नाल ठोकणारा एक, खोगीर शिवणारा जीनगर दुसरा, पाणी देणारा तिसरा, पहिल्यांदा उघड्या पाठीवर बसणारा चौथा. जीनगर हा शब्द फारसी, तो समाज हिंदू, आणि पुण्यात त्याच समाजातले लोक चित्रे आणि मूर्तीही करत. नालबंद बहुधा मुसलमान. चाबुकस्वार आणि बारगीर दोन्हीकडे. पागेच्या दारात उभे राहून यांतला बाहेरचा कोण हे सांगता येईल का? तिथे तर स्वतः घोडाच बाहेरचा होता. समुद्रावरून आलेला अरबी, घाटावर वाढलेल्या भीमथडीत मिसळला, आणि आज तेच तट्टू धनगराचे ओझे घेऊन माळशेज उतरते. भीमथडीची नोंद आता देशी घोड्यांच्या अधिकृत जातींत झाली आहे, ही अलीकडची आनंदाची गोष्ट.

मी सध्या अशा आडनावांची एक वही करतो आहे. नालबंद, चाबुकस्वार, बारगीर, शिलेदार, जीनगर, पखाली. शहापूर, मुरबाड, कल्याण, भिवंडी या बाजूची घरे आधी घेतली आहेत. कोणाच्या घरात जुना नाल ठोकायचा हातोडा आहे, कोणाकडे खुराची कड तासायची सुरी. एका घरात पितळी रिकिबीची जोडी निघाली, तिच्यातली एक कित्येक वर्षे पानाचा चुना ठेवायला वापरात होती. वस्तू नसली तरी चालते. घरातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या माणसाला फक्त इतके विचारा, आपल्यात घोड्यावर शेवटी कोण बसले होते, आणि तो घोडा कोणाचा होता. जे उत्तर मिळेल ते, आजी ज्या भाषेत बोलल्या त्याच भाषेत, मला कळवा.